किड्याच्या डोळ्यात श्रीखंडाचं झाकण

वाचकांचे प्रश्न : कमी पैशातलं मॅक्रो

मागच्या अंकात आमच्या बाथरूमच्या खिडकीत राहणाऱ्या उड्या मारणाऱ्या कोळ्याचा फोटो दिला होता, जीव जेमतेम सहा मिलिमीटरचा, आणि खाली सहज म्हणून लिहिलं की याला मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक जीव जवळून मोठे टिपणारी खास लेन्स, वापरलेली नाही. झालं! तेव्हापासून रोज दोन-चार मेल येतायत की मग वापरलं काय. एकेकाला वेगळं उत्तर देत बसलो तर दिवाळी अंक उजाडेल, म्हणून यावेळी सगळा कॉलम त्याच्यावरच. किमतीचं आधीच सांगून ठेवतो, मी आकडे ढोबळच देणार, कारण आज बघितलेला भाव उद्या सेल लागला की वेगळा असतो आणि मग तुम्ही मलाच बोल लावता.

प्रश्न : सर, मी सेकंड इयरला आहे. बाबांनी घेऊन दिलेला कॅननचा डीएसएलआर आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. मुंग्या, कोळी, फुलपाखरं काढायचीत. मॅक्रो लेन्सच्या किमती बघून झोप उडाली. माझ्याकडे सात-आठ हजार साठलेत. एक्स्टेन्शन ट्यूब घेऊ, रिव्हर्स रिंग (लेन्स उलटी लावायचं कडं) घेऊ की क्लोजअप फिल्टर? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. (अहिल्यानगर)

उत्तर : प्रत्येक जण वेगळं सांगतो कारण प्रत्येकाकडे लेन्स वेगळी असते, आणि कुठली जोडणी कुठल्या लेन्सला शोभते यावरच सगळा खेळ आहे बघ. थोडं गणित करू, घाबरू नको, भागाकार येत असला की पुरे.

मॅक्रो म्हणजे कडक अर्थाने १:१. वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद आणि १५ उंच, म्हणजे १:१ ला रुपयाचं नाणं रुंदीत कसंबसं मावेल आणि वरखाली कापलं जाईल. एवढं डोक्यात ठेवलंस की दुकानदाराने खोक्यावरचं 'मॅक्रो' दाखवून काहीही विकायचा प्रयत्न केला तरी फसणार नाहीस, कारण पुष्कळ झूम लेन्सवर मॅक्रो असं छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात ती पाव-अर्ध्या पटीच्या पुढे जात नाही.

आता ट्यूब. ती म्हणजे नुसतं पोकळ नळकांडं, आत काच वगैरे काही नाही, लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसते आणि लेन्सला सेन्सरपासून लांब ढकलते, त्यामुळे जवळची वस्तू फोकसमध्ये येते. किती मोठी दिसणार? ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेन्थ, म्हणजे लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा. तीन ट्यूबांचा सेट मिळतो, १२, २० आणि ३६ मिलिमीटर, मिळून ६८. हा सेट ५० च्या प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या, लेन्सला लावला तर ६८ भागिले ५०, म्हणजे १.३६ पट, एकदम झकास. तोच तुझ्या ५५-२५० ला २५० वर लावला तर ६८ भागिले २५०, पाव पटीच्या जरा वर. लेन्स स्वतः जवळ फोकस करून जे देते ते मिळवलंस तरी अर्ध्या पटीच्या आसपास. म्हणजे पैसे गेले, पुढे हातभर नळकांडं लोंबतंय आणि मुंगी तेवढीच. मग १८-५५ ला लावू का? ५५ कडे ठीक चालेल, पण १८ कडे नेलंस आणि मोठी ट्यूब लावलीस की फोकसची जागा लेन्सच्या पुढच्या काचेच्या आत जाते, तिथे मुंगी न्यायची कशी ते तूच सांग.

क्लोजअप लेन्सचं गणित बरोबर उलटं. ती पुढे, फिल्टरच्या जागी लागते आणि जितकी लांब लेन्स तितकं जास्त मोठं दिसतं. फोकल लेन्थ गुणिले डायॉप्टर (भिंगाचा नंबर, चष्म्याला असतो तसा) भागिले हजार. जपानची रेनॉक्स म्हणून कंपनी आहे तिची डीसीआर-२५० ही +८ डायॉप्टरची आहे, म्हणजे तुझ्या लेन्सला २५० वर २५० गुणिले ८ भागिले १०००, सरळ दुप्पट. डीसीआर-१५० ही +४.८ ची, तिने १.२ पट. (नावातला २५० आणि लेन्सचा २५० यांचा काही संबंध नाही, यात दोन जण तरी माझ्यासमोर गोंधळलेत.) दोन्हीला चिमट्यासारखं स्प्रिंगचं कडं येतं, ते ५२ ते ६७ मिलिमीटरच्या कुठल्याही लेन्सच्या तोंडावर बसतं आणि तुझी ५५-२५० आहे ५८ ची. फुलपाखरू आलं की दोन सेकंदात काढून खिशात. ट्यूब काढायला लेन्स कॅमेऱ्यापासून सोडवावी लागते आणि आपल्याकडच्या धुळीत ते दहादा करशील तर सेन्सरवर ठिपक्यांची रांगोळी.

तर तुझ्यासाठी रेनॉक्स, आणि दोन्हीतली १५० आधी. (रिव्हर्स रिंगचं पुढच्या प्रश्नात येतंय.) कारण +४.८ म्हणजे वस्तू सुमारे २० सेंटिमीटरवर आणि +८ म्हणजे साडेबारा. त्या साडेसात सेंटिमीटरमध्ये फुलपाखरू बसतं की उडतं हे ठरतं. २५० पुढे घे, मुंग्यांचा नाद फारच लागला तर. भाव मात्र दोन-चार ठिकाणी विचारून बघ, एका दुकानात आणि दुसऱ्यात मोठा फरक असतो, आणि वापरलेली मिळाली तर बिनधास्त घे, तिच्यात मोटर नाही की सर्किट नाही, बिघडणार काय.

तो +१, +२, +४, +१० वाल्या फिल्टरांचा सेट मात्र नको. मी घेतला होता, सगळ्यात आधी तोच, स्वस्त म्हणून. एकेरी काच असते ती. चाफ्याच्या पांढऱ्या पाकळीला एका बाजूला जांभळी किनार, दुसऱ्या बाजूला हिरवी, आणि मी आठवडाभर लेन्स पुसत बसलो होतो. रेनॉक्समध्ये दोन गटांत तीन काचा असतात त्या ही किनार बऱ्यापैकी मारतात, फरकाचे पैसे त्याचेच.

आता खरं सांगायचं ते इथून पुढे. सगळे पैसे काचेवर घालू नकोस. मॅक्रोत माणूस अडकतो तो उजेडापाशी. १:१ ला एफ ८ वर (एफ म्हणजे लेन्समधल्या अ‍ॅपर्चरचं, उजेडाच्या भोकाचं माप, आकडा मोठा तेवढं भोक लहान) धारदार भाग किती जाड असतो माहितीय? तुझ्या सेन्सरवर अर्धा-पाऊण मिलिमीटर. दुप्पट मोठं केलंस की पाव मिलिमीटर. मुंगीचा डोळा फोकसमध्ये आला तर मिश्या गेल्या. म्हणून एफ ११ पर्यंत तरी बंद करावं लागतं, त्याने अंधार, म्हणून शटर हळू, आणि शटर हळू केलं की वारा, श्वास, हाताची थरथर हे सगळं त्या मिलिमीटरात शिरतं. ट्यूब असेल तर आणखी भर, १:१ ला तिच्यामुळे दोन स्टॉप उजेड जातो, म्हणजे पावच उरतो. (एफ ११ लावलं तरी वागतं एफ २२ सारखं, त्यामुळे एफ १६, एफ २२ च्या मागे लागू नकोस, जास्त भाग फोकसमध्ये यायच्या ऐवजी सगळंच पिठूळ होतं.)

यावर उपाय एकच, फ्लॅश. आणि तो तुझ्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर बहुतेक आधीच आहे! नुसता उघडलास तर दोन गोष्टी होतील, लेन्सची सावली किड्यावर पडेल आणि किड्याच्या पाठीवर कडक पांढरा ठिपका येईल, म्हणून त्या उजेडाला पुढे आणून पसरवायचं. आमच्या घरी श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा होता, पांढरं धुरकट झाकण, त्याला मधोमध लेन्स जाईल एवढं भोक पाडलं आणि लेन्सच्या तोंडाशी अडकवलं, वर फ्लॅशपासून झाकणापर्यंत चिप्सच्या पाकिटाची चंदेरी बाजू आत करून बोगदा. मागच्या अंकातला कोळी याच्यावरच काढलाय. अंक घरात असेल तर काढ आणि त्याचे पुढचे दोन मोठे डोळे बघ, दोन्हीत वरच्या बाजूला पांढरी चकती दिसेल, मधोमध भोक असलेली. ते श्रीखंडाचं झाकण. पूर्वी मी थर्माकोलच्या प्लेटा वापरायचो, २०१८ च्या बंदीनंतर त्या मिळेनाशा झाल्या, आणि झाकण जास्त टिकतं.

सेटिंग : मोड एम (सगळं आपल्या हाताने ठरवायचं), शटर १/१६० किंवा १/२००, एफ ८ ते ११, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची तीव्रता) २०० पासून सुरू, फ्लॅश मॅन्युअलवर आठवा भाग, मग कमीजास्त कर. कमी ताकदीवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागात संपतो, त्यामुळे हात हलला तरी चित्र गोठतं. ऑटोफोकस बंद. लेन्सची फोकसची रिंग एका जागी ठेवायची आणि स्वतः पुढे-मागे डुलायचं, डोळा धारदार झाला की क्लिक. जमलं तर डाव्या हाताने किडा बसलाय त्या काडीला धरायचं आणि त्याच हातावर लेन्स टेकवायची, मग वारा आला की किडा, काडी, हात, कॅमेरा सगळे एकत्र हलतात. ही युक्ती मला कुणी पहिल्या दिवशी सांगितली असती तर माझी एक पावसाळ्यातली पाचेकशे कचरा चित्रं वाचली असती.

आणि सकाळी लवकर ऊठ. ऊन चढलं की किडे गरम होतात आणि तुला उभं करत नाहीत. सहाला गवतावर दव असताना चतुर आणि टाचण्या पंखांवर थेंब घेऊन गप बसलेल्या असतात, त्यांना उडायला अजून अंग तापायचं असतं.

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी ३२०० आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ आहे. कासला जायचंय या सीझनला म्हणून अडीचशे रुपयांची रिव्हर्स रिंग मागवली. लेन्स उलटी लावली तर व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख. काहीच दिसत नाही, उजेडाचं मीटर पण चालत नाही. रिंग खराब आली का? (सातारा)

उत्तर : रिंग चांगली आहे हो. तुमची लेन्स जी टाइपची आहे, तिला अ‍ॅपर्चरची रिंग नाही. मागच्या बाजूला एक छोटी धातूची दांडी दिसेल, कॅमेऱ्यावर सरळ बसवली की कॅमेरा ती दांडी ढकलून अ‍ॅपर्चर उघडं ठेवतो, आणि लेन्स मोकळी झाली की दांडी परत येते आणि अ‍ॅपर्चर पूर्ण बंद. उलटी लावलीत म्हणजे दांडी हवेत. म्हणून काळोख. कागदाची जाडसर घडी करून दांडीच्या फटीत दाबून बसवा, अर्धवट उघडं राहील इतपत, बघा दिसायला लागेल. मीटर नाही चालणार, डी ३२०० ला इलेक्ट्रिक जोडणी नसलेल्या लेन्सवर मीटर मिळत नाही, मोड एम वर टाकून मागच्या स्क्रीनवर बघत बघत ठरवा, पाच-सहा फोटोत अंदाज येतो.

कॅननवाल्यांना एक वेगळी गंमत करता येते, लेन्स सरळ असताना एफ ८ लावायचं, डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून धरायचं आणि तसंच दाबलेलं असताना लेन्स काढायची, मग अ‍ॅपर्चर आठवरच अडकून राहतं. निकॉनला ते चालत नाही, म्हणून कॅननच्या मित्राचं ऐकून तासभर बटणं दाबत बसू नका.

झूमचं उलट्यात उलटं होतं, १८ कडे तिप्पट-चौपट मोठं दिसतं आणि ५५ कडे जेमतेम पाऊण-एकपट. नवशिक्याने ३५ ते ५५ मध्येच राहावं, १८ वर फोकस सापडेपर्यंत फूल सुकेल. कायमचं करायचं असेल तर निकॉनचीच जुनी ५० एमएम १.८ डी सेकंडहँड बघा. तिला अ‍ॅपर्चरची रिंग आहे, तोंड तुमच्या लेन्ससारखं ५२ चंच, म्हणजे हीच रिंग बसेल, उलटी लावली की १:१ च्या आसपास. डी ३२०० वर तिचा ऑटोफोकस चालत नाही म्हणून लोक स्वस्तात काढून टाकतात, आणि मॅक्रोत ऑटोफोकस हवाय कुणाला!

आता कासचं. तिथे रिव्हर्स रिंग नेऊच नका, किंवा न्या पण पिशवीत ठेवा. उलट्या लेन्सला वस्तू चार बोटांवर लागते, म्हणजे पोटावर झोपणं आलं, आणि कासला तुम्ही ज्या जागेवर झोपणार तिथे दवबिंदू आणि सीतेची आसवं ही किडे खाणारी इवली झाडं उगवलेली असतात. पठारावर मातीचा थर अगदी पातळ, खाली जांभा, त्यात मुळं धरून बसलेली बोटभर उंचीची झाडं. २०१२ ला युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून गर्दी किती वाढली ते तुम्हा सातारकरांना मी काय सांगू. वाटेवर उभं राहून काढायचं तर लांबची लेन्स आणि पुढे क्लोजअप लेन्स, वरच्या उत्तरात सांगितलंय तसं. मित्राची ५५-२०० दोन दिवस उसनी घ्या. सीतेच्या आसवांचं फूल सेंटिमीटरभर, त्याला अर्धी पट सुद्धा पुरते. दवबिंदूच्या पानावरचे केस मात्र जवळून बघण्यासारखे, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, मागून ऊन आलं की लाल काडीवर काचेचे मणी लावल्यासारखे, आणि एखाद्या पानात चिलट अडकलेलं असतं, त्याच्याभोवती केस हळूहळू वाकत चाललेले. तिथे फ्लॅश पुढून मारू नका, थेंब मरतात. पांढरा कागद हातात धरून उन्हाचा कवडसा पाडा.

आणि स्वस्तातल्या धातूच्या ट्यूब, तीनशे-चारशेवाल्या, त्या घेणार असाल तर कॅमेऱ्यावर घरी चारदा लावून-काढून बघा. माझी एक ट्यूब अशीच पठारावर जाऊन माउंटमध्ये घट्ट अडकली, ना कॅमेऱ्याला दुसरी लेन्स लागेना ना ट्यूब सुटेना, दिवसभर नुसती फुलं डोळ्यांनी बघून आलो आणि दुसऱ्या दिवशी रिपेअरवाल्याला ट्यूबपेक्षा जास्त पैसे मोजले. तिच्यावर इलेक्ट्रिक जोडणी नसते की लेन्सची दांडी ढकलणारं काही नसतं, म्हणजे तुमच्या जी लेन्सला पुन्हा तोच काळोख.

प्रश्न : दादा, माझ्याकडे कॅमेरा नाहीये, मोबाईलच आहे. त्यात मागे चार कॅमेरे आहेत त्यातला एक मॅक्रो असं लिहिलंय पण फोटो अगदीच धुरकट येतो. आमच्या आवारात ओंबील, म्हणजे पानं शिवणाऱ्या लाल मुंग्या, भरपूर, त्यांचे आणि फुलांचे काढायचेत. क्लिपवाली लेन्स घ्यावी का? (चिपळूण)

उत्तर : ताई, तो मॅक्रोवाला कॅमेरा बहुतेक २ मेगापिक्सेलचा असणार, फोनच्या खोक्यावर कॅमेऱ्यांची संख्या वाढावी म्हणून घातलेला. विसरा त्याला. हां, काही महागड्या फोनमध्ये वाइड कॅमेराच जवळ फोकस करतो, आयफोन १३ प्रो मध्ये २०२१ ला ते आलं, दोन सेंटिमीटरपर्यंत, ते खरंच चांगलं आहे. पण त्यासाठी फोन बदलू नका.

क्लिपवाली लेन्स घ्या, पाचशे ते हजारात बरी मिळते, आणि ती मुख्य कॅमेऱ्यावर लावा, मॅक्रोवाल्यावर नाही. घेताना एकच बघायचं, काच असावी, प्लॅस्टिक नसावं, आणि 'वाइड प्लस मॅक्रो' असं दोन-दोन कामं करणारं नको. मागे चार कॅमेरे असले की क्लिप बरोबर मधोमध बसत नाही हीच खरी कटकट, मग चित्राचा एक कोपरा धूसर येतो. बसवल्यावर वर्तमानपत्राच्या छापील ओळीवर फोन धरून बघा, चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचता आली पाहिजेत.

पैसे घालायच्या आधी फुकटातला प्रयोग करा. घरात किंवा ओळखीच्या घड्याळजीकडे डोळ्याला लावायचं भिंग असतं, ते कॅमेऱ्याच्या काचेसमोर धरून बघा. १० पटीचं भिंग म्हणजे अडीच सेंटिमीटरवर फोकस. मजा आली तर क्लिप घ्या. पाण्याचा थेंब लेन्सवर ठेवायचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच, होतं तसं, पण फोन पालथा धरावा लागतो आणि आतल्या माइकमध्ये पाणी गेलं तर तो मॅक्रो फारच महागात पडतो.

ओंबील म्हणालात तर मुंग्या पानं शिवतात ते टिपा, एका रांगेत पान ओढून धरणाऱ्या आणि आतून अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने टाके घालणाऱ्या. लांबून आधी. अडीच सेंटिमीटरवर फोन नेलात की त्या फोनवरून हातावर येतात आणि मग चिपळूणकरांना काय होतं ते सांगायला नको.

प्रश्न : निवृत्त झालो आहे. जुन्या नाण्यांचा संग्रह आहे, त्यात शिवराई बऱ्याच. नोंदवही करतोय तर प्रत्येक नाण्याचा स्वच्छ फोटो हवा. कॅमेरा कॅननचा आहे, ५० एमएमची लेन्स आहे. काय घ्यावं? फ्लॅश लावला की अक्षरं दिसत नाहीत. (सोलापूर)

उत्तर : काका, तुमचं काम सगळ्यात स्वस्तात होणार कारण नाणं उडत नाही. ट्यूबचा सेट घ्या, इलेक्ट्रिक जोडणीवाला, दीड-दोन हजारांच्या आसपास मिळावा. समजा नाणं २० मिलिमीटरचं आहे. सेन्सरची उंची १५, म्हणजे पाऊण पटीपेक्षा जरा कमी हवं. नुसती ३६ ची ट्यूब लावा आणि लेन्सचा फोकस अनंतावर, ३६ भागिले ५० म्हणजे ०.७२. नाणं चित्रात बरोबर मावतं, कडेला थोडी जागा राहते. लहान नाण्याला १२ ची जोडा.

कॅमेरा ट्रायपॉडला उलटा टांगून किंवा दोन स्टुलांमध्ये फळी टाकून खाली बघणारा करा. सरळ बघतोय का हे ओळखायला नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवा, व्ह्यूफाइंडरच्या मधोमध लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब आलं की झालं. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर, आयएसओ १००, एफ ८, शटर किती का हळू होईना.

उजेडाचं म्हणाल तर फ्लॅश बंद. टेबल लॅम्प एका बाजूने, अगदी खाली, नाण्याला जवळजवळ समांतर. 'श्री राजा शिव' आणि मागचं 'छत्रपति' ही अक्षरं झिजून नखाएवढीही उंच राहिलेली नसतात, आडव्या उजेडात त्यांच्या सावल्या पडतात आणि वाचता येतात. लॅम्प हळूहळू नाण्याभोवती फिरवा, एका जागी अक्षर एकदम उठून येतं, तिथे थांबा. चकचकीत चांदीच्या नाण्याला हे चालत नाही, त्याला एक साधी काच नाणं आणि लेन्स यांच्यामध्ये ४५ अंशात तिरकी धरायची आणि लॅम्प बाजूने काचेवर, म्हणजे काचेवरून उजेड सरळ खाली नाण्यावर पडतो आणि कॅमेरा त्याच काचेतून बघतो. फोटो फ्रेमची काच चालते, फक्त कडांना टेप लावा.

आणि कृपा करून फोटोसाठी नाणी चिंच लावून घासू नका. तांब्याचा तो काळपट थर गेला की नाण्याची किंमतही गेली, आणि घासलेल्या नाण्याचा फोटोही वाईटच येतो.

प्रश्न : जुन्या बाजारातून रशियन ५८ एमएमची लेन्स घ्यावी का मॅक्रोसाठी? आणि जुना फ्लॅश पण मिळतोय दोनशे रुपयात. (पुणे)

उत्तर : लेन्स घ्या, फ्लॅश नको. ती ५८ ची हेलिओस असणार, एम-४२ चुडीवाली (आटे फिरवून बसणारी), अ‍ॅपर्चरची रिंग तिच्यावरच असल्याने ट्यूबवर छान चालते. निकॉनवर साध्या अ‍ॅडॉप्टरने तिचा फोकस अनंतापर्यंत जात नाही पण तुम्हाला तर नाकासमोरचं बघायचंय. घेण्याआधी मोबाईलची बॅटरी एका बाजूने मारून दुसरीकडून बघा. आत कोळिष्टकासारख्या रेषा दिसल्या तर बुरशी आहे, खाली ठेवा. धूळ असली तर चालते. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आलंय का तेही.

फ्लॅश नको कारण रीळच्या जमान्यातल्या काही फ्लॅशच्या पायाला दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो, तो डिजिटल कॅमेऱ्याच्या हॉट शूवर, म्हणजे डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत, चढवलात तर कॅमेरा जाऊ शकतो. साधा नवीन मॅन्युअल फ्लॅश घ्या, चार पेन्सिल सेलवर चालणारा.

प्रश्न : फोकस स्टॅकिंगला (फोकस थोडा थोडा सरकवत काढलेले फोटो एकात जोडायला) महागडं सॉफ्टवेअर लागतं का? (बेळगाव)

उत्तर : नाही. पिकोले नावाचं फुकट मिळतं, विंडोजवर चालतं. कॅमेरा थोडा थोडा सरकवणारी रेल घ्यायच्या आधी हातानेच पुढे डुलत दहा-बारा फोटो काढून त्यात टाकून बघा, मेलेल्या माशीवर सराव करा. खिडकीच्या खाचेत सापडते.

प्रश्न : किडा फ्रीजमध्ये ठेवला की गप बसतो असं ऐकलंय? (नाशिक)

उत्तर : बसतो, कधी कधी कायमचाच. आणि फोटोत पाय आखडलेले दिसतात, ज्याला कळतं त्याला लगेच कळतं. पहाटे उठा.

प्रश्न : जूनमध्ये आमच्या शेतात मृगाचे किडे निघाले तेव्हा पुष्कळ फोटो काढले, पण सगळ्यात नुसता लाल डाग आलाय, मखमल दिसतच नाही. फोकस तर बरोबर होता. (यवतमाळ)

उत्तर : फोकस बरोबरच असणार, लाल रंग भरून वाहिलाय. इतका लाल जीव असला की कॅमेऱ्याचं मीटर एकूण उजेड बरोबर धरतं पण लाल चॅनल एकटाच वर जाऊन आदळतो आणि तिथले केस-बिस सगळे सपाट होतात. मागच्या स्क्रीनवर साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) न बघता तीन रंगांचा वेगवेगळा बघा, लाल उजव्या भिंतीला चिकटला असेल तर एक स्टॉप कमी करा, चित्र काळपट वाटलं तरी चालेल, रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढलंत तर बाकीचे रंग नंतर उचलता येतात. उजेड एका बाजूने द्या, समोरून नको, मखमलीच्या साडीवर हात फिरवल्यावर जसा पट्टा उमटतो तसे केस बाजूच्या उजेडातच दिसतात. आठ पाय नीट मोजता येतील असा एक फोटो घ्या म्हणजे पोरांना दाखवता येईल की हा सहा पायांचा कीटक नाही, कोळ्यांच्या भावकीतला आहे. यंदाचे आता जमिनीत गेले, पुढच्या मृगाला पहिल्या सरीनंतर सकाळी बांधावर बघा.